नकारित नाम आणि त्याच्या सोबतची अव्यये : इंग्रजी व मराठी रचनांची तौलनिक समीक्षा
(नांदेड व लातूर परिसरातील अध्यापनाच्या अनुषंगाने)

प्रस्तावना :

पदवी प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकास 'एनी स्टुडंट डिड नॉट कम' हे वाक्य नवे नाही. लाल शाईने ते खोडले जाते, त्यावर 'नो स्टुडंट केम' असे लिहिले जाते, गुण वजा होतो आणि पुढील प्रश्न तपासावयास घेतला जातो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांचे हे विद्यापीठ असून येथील बहुसंख्य विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले, ग्रामीण भागातील आणि पुष्कळदा घरातून महाविद्यालयात येणाऱ्या पहिल्या पिढीचे असतात. त्यांच्या या वाक्यास 'ग्रामर कच्चे' असा शेरा सहज दिला जातो. परंतु चूक यादृच्छिक नसून सर्वांकडून सारख्याच पद्धतीने होत असेल, तर तिच्यामागे काही नियम असला पाहिजे. तो नियम कोणता आणि प्रचलित व्याकरणपुस्तके त्याबाबत मौन का पाळतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

'नो' आणि 'कोणताही' :

इंग्रजी भाषा नकार नामाला जोडू शकते. 'नो स्टुडंट', 'नो बुक', 'नो रीझन' या रचनांत नकारवाचक शब्द नामाच्या पुढे बसतो व क्रियापद होकारार्थीच राहते. अशा नामास येथे 'नकारित नाम' म्हटले आहे. मराठीत वर्तमानकालीन सामान्य रचनेत नकार क्रियापदापाशी येतो आणि नामाला 'ही' किंवा 'च' लागतो : 'एकही विद्यार्थी आला नाही', 'कोणीच आले नाही'.

या भेदाचे कारण शब्दक्रमात आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे 'कोणताही' हा अनिश्चित शब्द नकाराच्या आधी येणे अपरिहार्य ठरते आणि मराठी कानाला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत कर्ता आधी, क्रियापद नंतर. 'एनी' हा शब्द नकाराच्या मागून आला तरच त्या भाषेला चालतो. 'आय डिड नॉट सी एनी स्टुडंट' शुद्ध, परंतु 'एनी स्टुडंट डिड नॉट कम' अशुद्ध. कर्त्याच्या आधी नकार आणावयाचा तर तो कर्त्यालाच चिकटवावा लागतो आणि तेथे 'नो' अवतरतो. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकारविषयक ग्रंथात इंग्रजी नकाराच्या या दोन ओढी नोंदविल्या आहेत : एक क्रियापदाकडे जाण्याची, दुसरी नकार सहज स्वीकारणाऱ्या जवळच्या शब्दाकडे जाण्याची. मराठी विद्यार्थ्याला पहिली ओढ परिचयाची असते, दुसरीची कल्पना त्याला कोणी दिलेली नसते.

उलट बाजारातील मार्गदर्शिका त्याला दोन जोड्या पाठ करावयास लावतात : 'एनी म्हणजे कोणताही' आणि 'नो म्हणजे कोणताही नाही'. विद्यार्थी 'कोणताही विद्यार्थी आला नाही' हे वाक्य घेतो, 'कोणताही'च्या जागी 'एनी' ठेवतो, 'नाही'च्या जागी 'नॉट' ठेवतो. त्याने शिकविल्याबरहुकूमच केले आहे. दोष जोडीत आहे.

या संदर्भात 'ही' आणि 'च' यांचा भेद फार उपयोगी आहे आणि तो वर्गात क्वचितच सांगितला जातो. 'कोणीही येऊ शकतो' हे वाक्य होकारार्थी आहे. 'कोणीही आले नाही' हे नकारार्थी. म्हणजे 'ही'युक्त रूप दोन्हीकडे चालते, जसे इंग्रजीत 'एनी' चालते. मात्र 'कोणीच येऊ शकतो' असे मराठी माणूस म्हणत नाही. 'कोणीच', 'काहीच', 'मुळीच', 'फारसा' ही रूपे नकाराची सोबत असल्याशिवाय उभी राहत नाहीत. यास्तव 'नोबडी' व 'नथिंग' यांचा परिचय 'कोणीच नाही', 'काहीच नाही' असा करून दिला आणि 'एनी'साठी 'ही' राखून ठेवला, तर निम्मी गफलत उगमापाशीच थांबते. 'कधीच' हा शब्द मात्र या पंक्तीतून निसटतो. 'तो कधीच गेला नाही' यात तो 'नेव्हर' आहे आणि 'तो कधीच गेला' यात 'फार पूर्वी'. एकाच अव्ययाने नकाराच्या सोबतीने आणि सोबतीविना असे दोन संसार थाटावेत, हे व्याकरणकारांनी अधिक निरखावयास हवे होते.

'सगळे विद्यार्थी आले नाहीत' या वाक्याचीही अशीच कथा आहे. एकही आला नाही, की काहीच आले? लिखित वाक्य दोन्ही अर्थ देते. बोलताना मराठी माणूस 'सगळे विद्यार्थी काही आले नाहीत' असे म्हणून संशय फेडतो. येथील 'काही' हे संख्यावाचक विशेषण नसून नकाराचा रोख दाखविणारे अव्ययसदृश पद आहे. शालेय व्याकरणाच्या कोणत्याच कप्प्यात ते नीट बसत नाही. 'ऑल स्टुडंट्स डिड नॉट कम' आणि 'बोथ डिड नॉट कम' ही इंग्रजी वाक्ये ज्या मराठी वाक्यांवरून उचलली जातात, त्यांतील 'काही' आणि 'ही' भाषांतरात गळून पडतात व त्यांनी वाहिलेला अर्थही त्यांच्याबरोबर जातो.

'आणि', 'किंवा', 'की' व 'ना' :

नकारित नामे दोन झाली की उभयान्वयी अव्ययाचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत 'नो बुक ऑर पेन' म्हणजे पुस्तकही नाही, पेनही नाही. नकाराच्या छायेखाली 'ऑर' येतो, पण अर्थ 'आणि'चा लागतो. तर्कशास्त्रात हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावे ओळखला जातो : 'अ किंवा ब' यांचा निषेध म्हणजे 'अ'चाही निषेध आणि 'ब'चाही निषेध. (डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा, ही गोष्ट वर्गात सांगितली तर विद्यार्थ्यांचे कान टवकारतात.) मध्ययुगीन तर्कज्ञांनाही हा नियम ठाऊक होता.

मराठी 'किंवा' मात्र या नियमास निमूटपणे वश होत नाही. 'राम किंवा श्याम आला नाही' हे ऐकल्यावर दोघेही आले नाहीत असा अर्थ लागतो, तसाच दोघांपैकी कोणी तरी एक आला नाही असाही लागतो. म्हणून जेथे निःसंदिग्धता हवी तेथे मराठी 'किंवा' टाळते आणि तीन निराळ्या वाटा धरते. पहिली 'ही'ची : 'पुस्तकही नाही, वहीही नाही'. दुसरी 'की'ची : 'पुस्तक नाही की वही नाही'. तिसरी 'ना'ची : 'ना पुस्तक ना वही'.

या तिन्ही वाटांचे इंग्रजीशी नाते सारखे नाही. 'ही'च्या वाटेने जाणारा विद्यार्थी 'मीही गेलो नाही' याचे 'आय ऑल्सो डिड नॉट गो' असे करतो, कारण 'ही' म्हणजे 'ऑल्सो' हे त्याने पाठ केले आहे. प्रत्यक्षात एकटा 'ही' इंग्रजीतील चार कामे करतो : होकारात 'टू', नकारात 'आयदर', टोकाचा उल्लेख करताना 'ईव्हन' आणि अनिश्चित शब्दाबरोबर 'एनी'. एडवर्ड क्लिमा यांनी १९६४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात वाक्य खरोखर नकारार्थी आहे की नाही हे ठरविण्यासाठी ज्या कसोट्या मांडल्या, त्यांत 'टू'ऐवजी 'आयदर' येतो का, 'सो'ऐवजी 'नायदर' येतो का आणि पुढे 'नॉट ईव्हन' जोडता येते का, यांचा समावेश आहे. म्हणजे जेथे इंग्रजी आपला नकार सिद्ध करण्यासाठी अव्यय बदलते, तेथे मराठी एकाच 'ही'वर भागविते. विद्यार्थ्यांची अडचण नेमकी याच ठिकाणी असते.

'ना'ची वाट याहून वेगळी आहे. 'ना पुस्तक आणले ना वही' या वाक्यात क्रियापद होकारार्थी आहे. 'ना पुस्तक आणले नाही' असे कोणी म्हणत नाही. नकार नामापाशी गेला आणि क्रियापदाची सुटका झाली, ही तर हुबेहूब 'नायदर–नॉर'ची रीत होय. मराठीत नकारित नाम नाही असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या रचनेकडे दुर्लक्ष केले आहे. 'शेंडा ना बुडखा', 'घेणे ना देणे' या प्रयोगांत तर 'ना' एकदाच येतो आणि दोन्ही बाजूंच्या नामांचा निषेध करतो. त्याची सत्ता पुढच्या नामावर चालते तशी मागच्या नामावरही. 'एक ना धड भाराभर चिंध्या' या म्हणीत क्रियापदच नाही, तरी नकारास कोठे आधार कमी पडत नाही.

शालेय व्याकरणात 'न' व 'ना' यांची नोंद निषेधार्थक क्रियाविशेषण अव्ययांत होते. 'अथवा, वा, किंवा, की' ही विकल्पबोधक उभयान्वयी म्हणून स्वतंत्र पाठ केली जातात. 'ना–ना' ही एकाच वेळी दोन्ही कामे करणारी जोडी आहे, हे त्या वर्गीकरणात कोठेही दिसत नाही. 'पुस्तक नाही की वही नाही' यातील 'की' विकल्प दाखवीत नाही, बेरीज दाखवितो, तरीही त्याला विकल्पबोधकाच्या रांगेतच उभे केले जाते. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध करताना जी चिकित्सक वृत्ती दाखविली, तिचा वारसा पाठ्यपुस्तकांच्या याद्यांत उतरला नाही, अशी खंत व्यक्त करावीशी वाटते.

पर्युदास व प्रसज्यप्रतिषेध :

नकार नामाशी जोडलेला की क्रियापदाशी, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. वैयाकरण व मीमांसक यांनी नामाशी अन्वित होणाऱ्या निषेधास 'पर्युदास' व क्रियेशी अन्वित होणाऱ्या निषेधास 'प्रसज्यप्रतिषेध' अशी नावे दिली. या दोहोंच्या सीमेवरील शब्द म्हणजे 'असूर्यंपश्य'. पाणिनीने त्यासाठी सूत्रात जागा केली (३.२.३६) आणि पतंजलीने 'अश्राद्धभोजी', 'अलवणभोजी' अशा शब्दांबरोबर त्याची चर्चा केली. 'असूर्यंपश्या' म्हणजे सूर्य नसलेले काही पाहणारी स्त्री नव्हे. सूर्य न पाहणारी स्त्री. रूपाने नकार 'सूर्य' या नामास चिकटला आहे, अर्थाने तो पाहण्याच्या क्रियेचा आहे.

'नो स्टुडंट केम' हे वाक्य या 'असूर्यंपश्या'च्या कुळातील आहे. नकार दिसतो नामावर, लागू होतो संपूर्ण वाक्यास. म्हणून पुढे 'अँड नायदर डिड द टीचर' जोडता येते. याउलट 'इन नो टाइम द हॉल वॉज फुल' या वाक्यात नकार नामावर दिसतो व तेथेच थांबतो. वाक्य होकारार्थीच राहते, पुढे 'अँड सो वॉज द व्हरांडा' असे येते. 'अ‍ॅट नो टाइम' घेतले की मात्र 'अ‍ॅट नो टाइम वॉज द हॉल फुल' असा क्रम उलटा करावा लागतो आणि अर्थ 'सभागृह कधीच भरले नाही' असा होतो. एका शब्दयोगी अव्ययाच्या फरकाने सभागृह क्षणात भरते किंवा कधीच भरत नाही. 'विथ नो बुक्स ही वुड पास' म्हणजे पुस्तके नसली तरी तो उत्तीर्ण होईल; 'विथ नो बुक वुड ही पास' म्हणजे कोणतेही पुस्तक दिले तरी तो उत्तीर्ण होणार नाही. हा क्रमभेद 'इन्व्हर्शन'चा नियम म्हणून शिकविला जातो. नकार वाक्यभर पसरला की क्रम फिरतो, नामापाशी राहिला की फिरत नाही, हे कारण सांगितले जात नाही.

'इन नो टाइम' मधील 'नो' वेळेचा अभाव सांगत नाही, अल्पता सांगतो. 'नञ्'चे जे सहा अर्थ परंपरेने सांगितले आहेत त्यांत अल्पता आहेच. 'अनुदरा कन्या' म्हणजे पोट नसलेली नव्हे, कृशोदरी. 'ही इज नो टीचर' यातील 'नो' अप्राशस्त्याचा. तो मनुष्य हजेरीपटावर शिक्षक असेलही, पण शिक्षक म्हणावा असा नाही. संस्कृतचा हा लेखाजोखा इंग्रजीच्या वर्गात इतका उपयोगी पडत असताना दोन विभागांमधील भिंत मात्र जागची हलत नाही.

'नो सूनर' आणि 'वाजते न वाजते' :

बारावीपर्यंतच्या वाक्यपरिवर्तनात 'नो सूनर–दॅन' हा हुकमी प्रश्न. लातूर आपल्या परीक्षातंत्रासाठी राज्यभर ओळखले जाते. 'ॲज सून ॲज काढा, नो सूनर घाला, डिड पुढे आणा, स्वल्पविरामाच्या जागी दॅन लिहा' हे सूत्र त्या तंत्रात चपखल बसते आणि विद्यार्थी ते अचूक सोडवितो. त्यात 'नो' का आहे, असे विचारल्यास मात्र उत्तर मिळत नाही. घटना घडलीच आहे, मग नकार कशाचा?

उत्तर मराठीत आहे. 'घंटा वाजते न वाजते तोच मुले वर्गाबाहेर पडली.' घंटा वाजली आहे आणि तरीही मधोमध 'न' आहे. पहिली क्रिया पूर्ण झाली असे म्हणावयास जेमतेम अवकाश मिळतो न मिळतो तोच दुसरी सुरू होते. तो अवकाश नाकारण्यासाठी 'न' येतो. इंग्रजीतील 'नो' देखील दोन घटनांमधील कालांतराचाच निषेध करतो : पहिली दुसरीच्या कणभरही 'आधी' नाही. दोन भाषांनी एकच अनुभव नकाराच्या आधारे पकडला आहे. परंतु भाषांतरपुस्तकांनी 'नो सूनर'साठी 'वाजताच' हे होकारार्थी रूप रूढ केले आणि विद्यार्थ्याच्या आजीच्या तोंडी असलेली रचना वर्गाबाहेर राहिली. 'हार्डली–व्हेन'बाबतही हेच म्हणता येईल.

रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात होकारार्थी व नकारार्थी वाक्यांच्या परस्पर परिवर्तनास स्वतंत्र स्थान आहे. (रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ, पुढे कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव झाले.) अनेक पिढ्या त्या पुस्तकावर घडल्या, हे मान्यच करावे लागेल. पण अर्थ तोच ठेवून रूप बदलावे, या गृहीतकावर तो भाग उभा आहे. नकार कोठवर पोहोचतो हा प्रश्न त्या गृहीतकात उद्भवतच नाही.

कार्यालयीन मराठी :

नकारित नामांचा सर्वांत मोठा साठा कार्यालयात आहे. 'नॉन टीचिंग'चे 'शिक्षकेतर' झाले, ते पर्युदासाचे निर्दोष उदाहरण आहे. 'गैरहजर', 'नामंजूर', 'बेवारस' हे शब्द मराठीत जुनेच. मराठवाड्यात १९४८ पर्यंत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असल्याने ते येथे अधिकच मुरले. असा उपसर्ग आपल्या शब्दापुरताच पाहतो. 'बिनव्याजी व जामिनावर' यातील 'बिन' 'व' ओलांडून जामिनापर्यंत जात नाही. परंतु 'बिगर नेट-सेट' या शब्दात तो ओलांडतो. सेट उत्तीर्ण परंतु नेट नसलेल्या प्राध्यापकास कोणी 'बिगर नेट-सेट' म्हणत नाही. दोन्ही नसलेल्यासच म्हणतात. म्हणजे मधील संयोगचिन्हात एक 'किंवा' दडला आहे आणि 'बिगर'ची सत्ता त्या दोहोंवर आहे. १९९१ ते २००० या काळात नेमणूक झालेल्या अध्यापकांचा जो प्रश्न पुढे अनेक वर्षे गाजत राहिला, तो या एका शब्दाने ओळखला गेला.

'नॉन क्रीमीलेयर' याचे शासकीय मराठी 'उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र' असे केले जाते. इंग्रजीने नाम नाकारले, मराठीने क्रिया नाकारली. भाषांतर म्हणून ते मराठीच्या प्रकृतीस धरून आहे, केवळ लांब आहे. म्हणून किनवटपासून निलंग्यापर्यंत विद्यार्थी 'नॉन क्रीमीलेयर'च म्हणतो.

येथे एक सीमाभागीय विशेष नोंदवणे आवश्यक आहे. मराठीत 'नाही', 'नव्हे', 'नको' असे तीन निरनिराळे नकार आहेत. देगलूर-बिलोलीकडे कानावर पडणाऱ्या तेलुगूत 'लेदु, कादु, वद्दु' आणि उदगीर-निलंग्याकडे ऐकू येणाऱ्या कन्नडात 'इल्ल, अल्ल, बेड' अशी समांतर त्रयी आहे. नांदेडच्या दखनीने तर मराठीचा 'नको' उचलून 'नक्को' केला. 'मला चहा नको' या वाक्यात 'नको'चा संबंध थेट नामाशी आहे, अन्य क्रियापदाची गरजच नाही. तीन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या विद्यार्थ्याला असणे, ओळख आणि इच्छा यांचे तीन स्वतंत्र नकार अंगवळणी पडलेले असतात, आणि वर्गात त्याला सांगितले जाते की या सर्वांसाठी 'नॉट' वापरावे.

प्रवेशाच्या सूचनाफलकावर या प्रश्नाला व्यावहारिक धार येते. 'जातवैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला यांशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही' याचा अर्थ दोन्ही हवेत असा होतो. याच वाक्यात 'व'ऐवजी 'किंवा' घातला तर मराठी वाचकास दोहोंपैकी एक पुरेसे वाटते. इंग्रजी मूळ 'विदाउट ए ऑर बी' असे असेल, तर तेथील 'ऑर' दोहोंपैकी एक जरी नसले तरी अर्ज बाद, असाही वाचता येतो. शब्दकोश उघडून 'ऑर'च्या जागी 'किंवा' ठेवणारा लिपिक कोशाच्या दृष्टीने बरोबर असतो, आणि एकच कागद घेऊन एस.टी.ने आलेला विद्यार्थी खिडकीवरून परत पाठविला जातो.